फळमाशीत मज्जासंस्था घडवणारी जनुकं शोधताना: दुसऱ्या गुणसूत्राचा ईएमएस स्क्रीन, टप्प्याटप्प्याने

मायक्रोस्कोपखाली मोडलेली मज्जारज्जूची शिडी (मज्जापेशींच्या लांब तंतूंची, म्हणजे अ‍ॅक्सॉनची, उभ्या पट्ट्यांची आणि आडव्या जोडांची मांडणी) दिसते, वहीत त्या लाइनचा (एकाच बदललेल्या गुणसूत्राच्या माश्यांच्या वंशाचा) नंबर लाल पेनाने लिहिला जातो, आणि सहा महिन्यांनी कळतं की तो दोष मूळ स्टॉकमध्येच होता. किंवा तो भ्रूण म्युटंट नव्हताच, बॅलन्सरची, म्हणजे तुकड्यांची सरमिसळ रोखणाऱ्या खुणेच्या गुणसूत्राची, दुहेरी प्रत असलेला होता. हे वारंवार होतं, कारण सगळं लक्ष स्टेनिंगवर असतं आणि खरी गडबड त्याआधीच्या क्रॉसेसमध्ये झालेली असते.

ड्रोसोफिला मेलॅनोगास्टरच्या दुसऱ्या गुणसूत्रावर ईएमएस (इथाइल मिथेनसल्फोनेट, डीएनएत बदल घडवणारं रसायन) वापरून प्राणघातक म्युटेशन्स गोळा करायची आणि भ्रूणात अ‍ॅक्सॉनची मांडणी बिघडलेल्या लाइन वेचायच्या, अशा स्क्रीनचा, म्हणजे मोठ्या चाळणीचा, क्रम खाली दिला आहे. एक नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळायचा: एका व्हायलमध्ये (माश्या वाढवायच्या छोट्या नळीत) एकच बदललेलं गुणसूत्र. जिथे जिथे हा नियम मोडू शकतो, तिथे मी जास्त थांबलो आहे.

## टप्पा १: सुरुवातीचं गुणसूत्र एकसारखं करून घ्या

सिनाबार आणि ब्राउन ही दोन्ही डोळ्यांच्या रंगाची म्युटेशन्स असलेलं दुसरं गुणसूत्र घ्या. दोन्ही प्रती अशा असतील तर डोळा पांढरा दिसतो, त्यामुळे होमोझायगस माशी एका नजरेत ओळखता येते. पण स्टॉक वर्षानुवर्षं बाटलीत फिरत असतो, त्यातली गुणसूत्रं एकमेकांसारखी राहिलेली नसतात. म्हणून:

१. सिनाबार ब्राउन स्टॉकमधला एकच नर घ्या, तो स्कुटॉइड/सीवायओ (एका प्रतीवर स्कुटॉइड हे दिसणारं म्युटेशन, दुसरी प्रत म्हणजे कर्ली, वळलेले पंख देणारा सीवायओ बॅलन्सर) व्हर्जिन, म्हणजे नराशी अजून न जुळलेल्या, माद्यांना लावा.
२. पिल्लांमधला कर्ली पंखांचा, स्कुटॉइड नसलेला एकच नर निवडून पुन्हा स्कुटॉइड/सीवायओ माद्यांना लावा.
३. त्यातून आलेले सिनाबार ब्राउन/सीवायओ भाऊ-बहीण आपसात लावा, पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या वेगळ्या काढा आणि त्यांचा स्टॉक करा.

असे चार-पाच स्टॉक समांतर तयार करा आणि त्यांतला उत्तम निवडा. दोन्ही वेळा नरच घेण्याचं कारण म्हणजे ड्रोसोफिलाच्या नरात गुणसूत्रांची अदलाबदल होत नाही. मादी घेतलीत तर तुकड्यांची सरमिसळ होऊ शकते.

तपासणी: निवडलेल्या स्टॉकचे भ्रूण बीपी१०२ आणि १डी४ या अ‍ॅक्सॉन दाखवणाऱ्या अँटिबॉडींनी रंगवून पाहा. शिडी नीट आहे ना, अंडी नेहमीसारखी फुटतात ना, याची खात्री झाल्याशिवाय ईएमएसची बाटली उघडू नका. पुढे सिक्वेन्सिंगमध्ये तुलना याच स्टॉकशी होणार आहे, म्हणून त्याच्या काही माश्या आत्ताच −८०° सेल्सिअसला गोठवून ठेवा.

सावधान: वापरात असलेल्या प्रत्येक स्टॉकचं एक्स गुणसूत्र व्हाइट जनुकाच्या बाबतीत सामान्य हवं. प्रयोगशाळेतले बहुतेक ट्रान्सजेनिक स्टॉक व्हाइट म्युटंट पार्श्वभूमीत असतात. असा एक जरी स्टॉक क्रॉसमध्ये शिरला तर नरांचे डोळे भलत्याच कारणाने पांढरे होतील आणि तुमची सगळी मोजणी फुकट जाईल.

## टप्पा २: बॅलन्सर आणि माद्यांची तयारी

लागणारा मुख्य स्टॉक म्हणजे एका बाजूला डीटीएस, म्हणजे २९° सेल्सिअसला मारणारं प्रभावी म्युटेशन, आणि दुसऱ्या बाजूला खूण असलेला सीवायओ. खूण विंगलेस-लॅकझेडची (बीटा-गॅलॅक्टोसिडेज, अँटिबॉडीने दिसतं) असो किंवा ट्विस्ट-गॅल४ आणि यूएएस-जीएफपीची (हिरवं चमकणारं प्रथिन), भ्रूणात ती ठळक दिसली पाहिजे.

खुणेचा बॅलन्सर कोणत्या पालकाकडून यायला हवा, इथे चूक फार होते. एफ१ (ईएमएस दिलेल्या नरांच्या पहिल्या पिढीतल्या) नराकडून पिल्लाला बदललेलं गुणसूत्र मिळतं, म्हणजे त्याच पिल्लाला बापाचा सीवायओ मिळूच शकत नाही. पुढच्या पिढीत टिकणारा सीवायओ आईकडचा असतो. खूण असलेला बॅलन्सर म्हणूनच डीटीएस माद्यांच्या स्टॉकमध्ये हवा. पहिल्या क्रॉसच्या माद्यांमध्ये तो असून उपयोग नाही.

आता संख्या. २५ मिलिमोलर ईएमएसला सरासरी आकाराचं एखादं जनुक हजारात साधारण एका गुणसूत्रात निकामी होतं. १,००० लाइन तपासल्या तर अशी सुमारे ३७% जनुकं एकदाही सापडत नाहीत. २,००० ला हे प्रमाण १३-१४% वर येतं आणि ३,००० ला ५% वर. म्हणून ३,००० लाइनचा बेत धरा. प्रत्येक लाइनला ३ व्हर्जिन माद्या, म्हणजे ९,००० माद्या. हा आकडा पाहून बरेच जण ऐन वेळी "जवळपास व्हर्जिन" माद्या वापरतात. तसं करू नका. रोज किती माद्या हाती येतात ते आधी आठवडाभर मोजा आणि त्या हिशोबाने स्क्रीन तुकड्यांमध्ये विभागा.

२५° ला ८ तासांच्या आत आणि १८° ला १६ तासांच्या आत बाहेर आलेल्या माद्याच व्हर्जिन धरायच्या. नुकत्याच निघालेल्या मादीच्या फिकट पोटात गडद ठिपका दिसतो. तो दिसला की खात्री.

## टप्पा ३: ईएमएस देणं

ईएमएस कॅन्सरकारक आहे आणि त्याची वाफ होते. पूर्ण काम फ्युम हूडमध्ये, नायट्राइलचे दोन-दोन हातमोजे घालून करायचं. १०% सोडियम थायोसल्फेटची बादली आधी भरून ठेवायची आणि मगच बाटली उघडायची. ईएमएस लागलेली प्रत्येक वस्तू तिच्यात किमान २४ तास बुडालेली राहिली पाहिजे.

१. ३ ते ५ दिवसांचे नर घ्या, एका बाटलीत ५० च्या आसपास. त्यांना एक-दोन तास रिकाम्या बाटलीत उपाशी ठेवा.
२. १% साखरेच्या १० मिली पाण्यात साधारण २६ मायक्रोलिटर ईएमएस घाला. ते सहज मिसळत नाही, तळाशी तेलासारखे थेंब बसतात. बोथट सुईच्या सिरिंजने द्रावण हळूहळू वर ओढा आणि सोडा, थेंब पूर्ण नाहीसे होईपर्यंत. थेंब राहिले तर काही माश्या मरतील आणि बाकीच्यांना काहीच मिळणार नाही.
३. त्यात चिमूटभर खायचा निळा रंग टाका. गाळणकागदाच्या दोन-तीन थरांवर द्रावण ओता, कागद ओला हवा पण वर पाणी साचायला नको. नर आत सोडा, रात्रभर ठेवा.
४. सकाळी निळं पोट असलेले नर ताज्या अन्नाच्या बाटलीत हलवा, २४ तास हूडमध्येच राहू द्या. पोट निळं नसेल तो नर टाकून द्या.
५. मग २५ नर आणि ५० स्कुटॉइड/सीवायओ व्हर्जिन माद्या एका बाटलीत लावा. चौथ्या दिवशी नर काढून टाका. माद्या नव्या बाटल्यांमध्ये फिरवत राहिलात तरी चालेल.

नर वेळेत का काढायचे? ईएमएस घेताना पक्व असलेले शुक्राणू आधी वापरले जातात आणि त्यातला प्रत्येक बदल स्वतंत्र असतो. नर राहू दिलेत तर नंतर अशा शुक्राणूंची पाळी येते, जे औषधाच्या वेळी अजून विभागणाऱ्या पेशी होते. एकाच पेशीचे अनेक वंशज मग वेगवेगळ्या व्हायलमध्ये जातात आणि तुम्हाला एकाच जनुकाचे पाच अ‍ॅलील (वेगवेगळी बदललेली रूपं) सापडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते एकच म्युटेशन पाच वेळा मोजलेलं असतं.

तपासणी: आधी ४०-५० लाइनचा छोटा प्रयोग करा. त्यातल्या साधारण ६०-६५% लाइन प्राणघातक निघायला हव्यात, म्हणजे गुणसूत्रामागे सरासरी एक घातक म्युटेशन. ४०% च्या खाली आलात तर ईएमएस जुनं आहे किंवा माश्यांनी खाल्लं नाही. ८५% च्या वर गेलात तर एकेका गुणसूत्रावर दोन-दोन घातक बदल बसले आहेत, आणि त्यांची उकल करताना दम निघेल. मात्रा कमी करा.

## टप्पा ४: एफ१, एक नर, एक व्हायल

एफ१ मधून कर्ली पंखांचे, स्कुटॉइड नसलेले नर घ्या. सीवायओवरही सिनाबारचा अ‍ॅलील असतो, त्यामुळे यांचे डोळे भडक नारिंगी-लाल दिसतात. नेहमीचा विटकरी लाल डोळा दिसला तर चुकीची माशी आहे.

१. प्रत्येक व्हायलमध्ये एकच नर आणि ३ डीटीएस/सीवायओ व्हर्जिन माद्या टाका. व्हायलवर लाइन नंबर त्याच क्षणी लिहा.
२. २५° ला ३-४ दिवस अंडी घालू द्या.
३. पालक काढा आणि व्हायल २९° ला हलवा. पालकांसकट २९° ला ठेवू नका, नर वांझ होऊ लागतात. एप्रिल-मे महिन्यात पुण्या-मुंबईत वातानुकूलन बंद पडलं की ही अडचण साध्या खोलीतसुद्धा येते.

डीटीएस घेतलेली पिल्लं मरतात, सीवायओच्या दोन प्रती असलेलीही मरतात. उरतात फक्त बदललेलं गुणसूत्र/सीवायओ. म्हणूनच पुढच्या पिढीत व्हर्जिन गोळा करायची गरज पडत नाही, व्हायलमधले सगळे भाऊ-बहीण एकाच जनुकरचनेचे असतात.

तपासणी: एफ२ व्हायलमध्ये सरळ पंखांची एकही माशी नको. एक जरी दिसली तर तापमान २९° ला टिकलं नव्हतं, आणि त्याच व्हायलमध्ये डीटीएस/सीवायओ माश्याही कर्ली पंख घेऊन मिसळलेल्या असतील. ती व्हायल बाद. इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर विसंबू नका, पाण्याच्या बाटलीत साधा थर्मामीटर बुडवून वरच्या आणि खालच्या दोन्ही फळ्यांवर ठेवा. वीज गेली असेल तर तारीख-वेळ व्हायलच्या ट्रेवर लिहून ठेवा.

## टप्पा ५: घातक लाइन ओळखा

एफ२ मधल्या १०-१५ माश्या नव्या व्हायलमध्ये २५° ला लावा, आणि दुसरी तशीच व्हायल राखीव ठेवा. पिल्लं निघाली की पंख आणि डोळे पाहा. घातक बदल नसेल तर एक तृतीयांश माश्या सरळ पंखांच्या, पांढऱ्या डोळ्यांच्या असतात. ५० माश्या मोजून एकही तशी नसेल तर लाइन घातक.

आणि ६० मध्ये दोन-चार पांढऱ्या निघाल्या तर? घाईने अर्धघातक लिहू नका. ईएमएस पक्व शुक्राणूच्या डीएनएची बहुधा एकच पट्टी बिघडवतं, म्हणून त्यातून जन्मलेला एफ१ नर बऱ्याचदा मोझेक असतो: त्याच्या काही शुक्राणूंमध्ये म्युटेशन असतं, काहींमध्ये नसतं. व्हायलमध्ये दोन प्रकारची गुणसूत्रं शिरली, आपला नियम मोडला. अशा लाइनमधून एकेक नर वेगळा काढून पुन्हा डीटीएस माद्यांना लावा. मगच ठरवा.

## टप्पा ६: भ्रूण गोळा करणं आणि फिक्स करणं

सफरचंदाच्या रसाच्या प्लेट: १ लिटरसाठी ७५० मिली पाण्यात २५ ग्रॅम अगार उकळा, २५० मिली रसात २५ ग्रॅम साखर विरघळवून त्यात मिसळा, ६०° च्या आसपास थंड झालं की अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं १.५ ग्रॅम मिथाइलपॅराबेन घाला. मध्यभागी यीस्टच्या पेस्टचा छोटा ठिपका. पेस्ट जास्त झाली तर भ्रूण तिच्यातच रुततात.

आपल्याला हवा आहे १६ वा टप्पा, म्हणजे २५° ला अंडं घातल्यापासून १३ ते १६ तास. सोपी पद्धत: ४ तास अंडी गोळा करा, प्लेट काढून १२ तास २५° ला ठेवा. याहून उशीर झाला तर क्युटिकल तयार होतं आणि अँटिबॉडी आत जात नाही. असा भ्रूण कोरा दिसतो, आणि कोऱ्या भ्रूणाला "अ‍ॅक्सॉन नाहीत" असं नोंदवलेलं मी पाहिलं आहे.

१. भ्रूण ब्रशने जाळीवर घ्या, निम्म्या ताकदीच्या घरगुती ब्लीचमध्ये २-३ मिनिटं ठेवा. पुढच्या टोकावरच्या दोन शिंगांसारख्या नळ्या गेल्या की थांबा. जुनं ब्लीच कमजोर होतं, त्यामुळे घड्याळापेक्षा भ्रूणाकडे पाहा.
२. भरपूर पाण्याने धुवा.
३. ५ मिली हेप्टेन आणि पीबीएसमधलं (फॉस्फेट बफरमधलं) ५ मिली ४% फॉर्माल्डिहाइड, काचेच्या व्हायलमध्ये २० मिनिटं जोरात हलतं ठेवा. भ्रूण दोन थरांच्या मध्ये तरंगतात.
४. खालचा थर पूर्ण काढा. ५ मिली मिथेनॉल घाला आणि अर्धा ते एक मिनिट हाताने जोरजोरात हलवा.
५. पडदा फुटलेले भ्रूण तळाशी बसतात, तेच घ्या. मधल्या थरात अडकलेले टाका. मिथेनॉलने तीनदा धुवा. −२०° ला मिथेनॉलमध्ये ते बरेच महिने टिकतात.

सावधान: खालचा थर अर्धवट काढला तर फॉर्माल्डिहाइडचं पाणी मिथेनॉलला पातळ करतं आणि पडदे फुटत नाहीत. भ्रूण तळाशी बसत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं.

## टप्पा ७: रंगवणं

प्रत्येक लाइनचे भ्रूण दोन नळ्यांत वाटा. एका नळीत बीपी१०२, जी मज्जारज्जूतले सगळे अ‍ॅक्सॉन दाखवते. दुसरीत १डी४, जी फॅसिक्लिन-२ असलेले मोजकेच पट्टे दाखवते. एकाच अँटिबॉडीवर भागवू नका: १डी४ आडवे जोड दाखवत नाही, त्यामुळे कमिशरलेससारखं, आडवे जोडच न बनू देणारं, म्युटेशन तिच्यात सहज निसटतं. उलट मध्यरेषा ओलांडणारा एखादा पट्टा बीपी१०२ च्या गर्दीत हरवतो.

दोन्ही अँटिबॉडी उंदराच्या आहेत. म्हणून लॅकझेडची खूण ओळखणारी बीटा-गॅलॅक्टोसिडेज अँटिबॉडी सशाची घ्या. तीही उंदराची घेतलीत तर बॅलन्सरची खूण आणि अ‍ॅक्सॉन एकाच रंगात येतील.

मिथेनॉलमधून पीबीएस अधिक ०.१% ट्रायटनमध्ये टप्प्याटप्प्याने आणा, ५% बकरीच्या सीरममध्ये अर्धा-एक तास ब्लॉक करा, प्राथमिक अँटिबॉडी रात्रभर ४° ला. बीपी१०२ आणि १डी४ चं कल्चरचं द्रव १:१० पासून सुरू करून तुमच्या बॅचसाठी योग्य प्रमाण ठरवा. धुणं आखडतं घेऊ नका: एका तासात किमान पाच-सहा वेळा.

तपासणी: प्रत्येक बॅचमध्ये मूळ एकसारख्या स्टॉकचे आणि एखाद्या माहीत असलेल्या म्युटंटचे, उदाहरणार्थ रोबोचे, भ्रूण ठेवा. रोबोत दोष दिसला नाही तर त्या दिवसाची सगळी बॅच वाचू नका.

## टप्पा ८: वाचणं आणि खोटे दोष गाळणं

खूण नसलेले भ्रूण एक चतुर्थांश असायला हवेत. तेच म्युटंट. खुणेचे भ्रूण, ज्यांत सीवायओ/सीवायओही येतात, बाजूला ठेवा. ते स्वतःच बिघडलेले असू शकतात. एका लाइनचे किमान २० म्युटंट भ्रूण आणि प्रत्येकाचे पोटाकडचे खंड मोजा. १६ वा टप्पा ओळखायला मधल्या आतड्याच्या आडव्या खाचा पाहा. १५ व्या टप्प्यात ते एकाच पिशवीसारखं, हृदयाच्या आकाराचं दिसतं.

शिडी कशी मोडते यावरून दिशा मिळते:

- आडवे जोड पूर्ण गायब: कमिशरलेससारखं.
- १डी४ चा सर्वांत आतला पट्टा मध्यरेषेवर वळसे घालतो: रोबोसारखं.
- सगळे अ‍ॅक्सॉन मध्यरेषेवर एका दोरीत गोळा: स्लिट, किंवा मध्यरेषेच्या पेशीच न बनणं.
- जोड आहेत पण बारीक किंवा तुटक: नेट्रिन, फ्रॅझल्ड या वाटेचं.
- न्यूरॉनच अतोनात आणि त्वचा कमी: नॉच, डेल्टा गटातलं.

पण शिडी मोडली म्हणजे जनुक मज्जासंस्थेचंच आहे असं नव्हे. भ्रूणाचे खंडच नीट पडले नसतील तर मज्जारज्जू बिघडणारच. प्रत्येक उमेदवार लाइन ४डी९ या एन्ग्रेल्ड अँटिबॉडीने रंगवा. पट्टे कमी, जोडलेले किंवा गायब असतील तर ती लाइन वेगळ्या यादीत. त्याचबरोबर आतडं आणि स्नायू एकवार पाहा. सगळंच विस्कटलं असेल तर दोष सर्वसाधारण आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. आईने अंड्यात भरपूर आरएनए किंवा प्रथिन ठेवलेलं असेल तर आवश्यक जनुक गेलं तरी भ्रूण ठीक दिसतो. हा स्क्रीन अशी जनुकं पकडत नाही. त्यासाठी एफआरटी (ठरावीक जागी अदलाबदल घडवणारी खूण) असलेल्या गुणसूत्रावर वेगळा, जननपेशींच्या क्लोनचा स्क्रीन लावावा लागतो.

## टप्पा ९: गट पाडणं आणि जनुकापर्यंत पोहोचणं

१. सारखा दोष असलेल्या लाइन आपसात लावा. अ/सीवायओ × ब/सीवायओ यातून सरळ पंखांच्या एक तृतीयांश माश्या आल्या तर जनुकं वेगळी, एकही नाही आली तर बहुधा एकच. प्रत्येक क्रॉसच्या ५० ते १०० माश्या मोजा.
२. जीव जाण्याचं कारण आणि मज्जासंस्थेचा दोष एकाच जनुकात आहेत असं धरून चालू नका. अ/ब भ्रूण रंगवून पाहा. दोषही तसाच दिसला तरच गट पक्का.
३. ब्लूमिंग्टन स्टॉक केंद्राच्या डेफिशन्सी संचाशी (गुणसूत्राचा ठरावीक तुकडा गायब असलेल्या स्टॉकशी) लावून गुणसूत्रावरचा पट्टा शोधा. इथेही मोजणीबरोबर डेफिशन्सी/म्युटंट भ्रूण रंगवा.
४. होमोझायगस भ्रूणांचा डीएनए सिक्वेन्स करून टप्पा १ मध्ये गोठवलेल्या मूळ स्टॉकशी ताडा. ईएमएस मुख्यतः जी:सी चं ए:टी करतं. डेफिशन्सीच्या पट्ट्यात येणारे आणि प्रथिन बिघडवणारे बदलच उमेदवार धरा.
५. एका अ‍ॅलीलवर निष्कर्ष काढू नका. दुसरा स्वतंत्र अ‍ॅलील हवा, किंवा जनुकाची सामान्य प्रत परत घालून दोष नाहीसा व्हायला हवा. कोणत्या पेशीत जनुक लागतं हे पाहायला न्यूरॉनसाठी इलाव-गॅल४, ग्लियासाठी रेपो-गॅल४ आणि मध्यरेषेसाठी सिम-गॅल४ (फक्त त्या पेशींत जनुक चालू करणारे स्टॉक) वापरता येतात.

## स्टॉक सांभाळणं

प्रत्येक निवडलेल्या लाइनच्या दोन प्रती १८° ला, वेगवेगळ्या ट्रेमध्ये, महिन्यातून एकदा बदलायच्या. पावसाळ्यात माइट्स झपाट्याने पसरतात, बाहेरून आलेला स्टॉक दोन पिढ्या वेगळा ठेवल्याशिवाय या ट्रेजवळ आणू नका. आणि १८° ला कर्ली पंख बऱ्याचदा सरळ पडतात. "बॅलन्सर गेला" म्हणून व्हायल फेकण्याआधी तिच्यातल्या माश्या २५° ला लावून पुढच्या पिढीचे पंख पाहा.